यजमान आणि पाहुणा : व्यावसायिक फुटबॉलच्या वेळापत्रकातील समन्यायाची चिकित्सा

प्रास्ताविक :

क्रीडास्पर्धेतील न्यायाचा विचार करताना सामान्यतः पंचांचे निर्णय, खेळाडूंची पात्रता किंवा उत्तेजक द्रव्यांचे सेवन या प्रश्नांची चर्चा होते. वेळापत्रक मात्र निव्वळ कार्यालयीन कामकाज समजले जाते. वस्तुतः कोणता संघ कोणाशी, कोठे व केव्हा खेळणार हे ठरविणारा कागद हा स्पर्धेतील पहिला निर्णय असतो आणि पहिला चेंडू सरकण्यापूर्वीच तो अंमलात आलेला असतो. धारणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ही बाब वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हरिसाल, सेमाडोह व परतवाडा या मार्गाने अमरावती गाठायची म्हणजे मेळघाटातील घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास होतो. हा प्रवास करून मैदानात उतरणारा संघ आणि शहरातील वसतिगृहातून पायी मैदानावर येणारा संघ गुणतक्त्यात समान असले तरी त्यांच्या पायांतील थकवा समान नसतो. प्रस्तुत लेखात इंडियन सुपर लीग (आयएसएल) या व्यावसायिक स्पर्धेच्या आधारे, विशेषतः मुंबई सिटी व एफसी गोवा या संघांच्या अनुभवातून, घरच्या व बाहेरच्या सामन्यांच्या वाटपाची चिकित्सा केली आहे.

समान संख्या म्हणजे समान न्याय काय?

दुहेरी साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी एकदा घरी व एकदा बाहेर खेळतो. २०२३-२४च्या हंगामात बारा संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला अकरा सामने घरचे व अकरा बाहेरचे आले. गणित चोख होते. तरीही त्या हंगामाचा शेवट पाहण्यासारखा आहे. साखळीतील अग्रस्थानाची ढाल कोणाकडे जाणार हे १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ठरले. मुंबईला केवळ बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने २-१ असा विजय मिळवला आणि ४८ विरुद्ध ४७ अशा एका गुणाने ढाल पटकावली. याच मुंबईने डिसेंबर २०२३मध्ये अंधेरीत मोहन बागानला २-१ असेच हरविले होते. म्हणजे एक सामना घरी, एक बाहेर आणि दोन्ही वेळा यजमान विजयी. मात्र मुंबईचा घरचा सामना हंगामाच्या मध्यात, अनेक फेऱ्या शिल्लक असताना झाला आणि बागानचा शेवटच्या दिवशी, भरगच्च प्रेक्षागारासमोर झाला. संख्या जुळते, काळ जुळत नाही.

येथे आयोजकांवर पक्षपाताचा आरोप करणे अनुचित ठरेल. वेळापत्रक आखताना अखेरच्या दिवशी हे दोनच संघ शर्यतीत असतील हे कोणालाही सांगता येत नाही. शिवाय पुढील घटनाक्रमाने या आक्षेपाची धारही काहीशी बोथट केली. अग्रस्थानामुळे अंतिम सामन्याचे यजमानपदही बागानकडे गेले आणि ४ मे २०२४ रोजी त्याच मैदानावर मुंबईने ३-१ असा विजय मिळवून करंडक जिंकला. घरच्या मैदानाचा लाभ ही शक्यता आहे, हमी नव्हे. गोव्याच्या संघाने २०१५चा अंतिम सामना फातोर्ड्यातच २-३ असा गमावला होता.

घर म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न उरतो. करोनाकाळात २०२०-२१ व २०२१-२२ या दोन्ही हंगामांतील सामने फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील तीन मैदानांवर झाले. कागदोपत्री एफसी गोवा आपल्याच भूमीवर होता. पण साखळीत तो पहिल्या वर्षी चौथा व दुसऱ्या वर्षी नववा आला. प्रवास कोणालाच नव्हता आणि गजर करणारे प्रेक्षकही नव्हते. जर्मनीत मे २०२०मध्ये रिकाम्या मैदानांवर सामने पुन्हा सुरू झाले तेव्हाही यजमानांच्या विजयाचे प्रमाण घटल्याचे आढळले. यावरून गवतापेक्षा गर्दीचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे. याच्या उलट उदाहरण मुंबईचे. २०२३-२४च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमधील ‘घरचे’ सामने तिला अंधेरीत खेळताच आले नाहीत. ते पुण्यात बालेवाडीला आणि अल हिलालविरुद्धचा सामना नवी मुंबईत झाला. दुसरीकडे मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहमेडन हे तिन्ही कोलकात्याचेच. त्यांच्या आपापसांतील ‘बाहेरच्या’ सामन्यासाठी शहर सोडावे लागत नाही. ही सवलत मुंबई, गोवा किंवा गुवाहाटीच्या संघांना नाही आणि कोणत्याही गुणतक्त्यात ती दिसत नाही.

विषम संख्येचा पेच :

२०१० साली झालेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार २०२५च्या अखेरीस संपल्यामुळे २०२५-२६चा हंगाम लांबला. जानेवारी २०२६मध्ये जाहीर झाले की १४ फेब्रुवारीपासून चौदा संघ एकेरी साखळीत ९१ सामने खेळतील. वेळ नव्हता, त्यामुळे हा मार्ग समजण्यासारखा आहे. तथापि प्रत्येक संघाच्या वाट्याला तेरा सामने येतात आणि तेराचे दोन समान भाग होत नाहीत. सर्वाधिक समतोल राखला तरी सात संघांना सात घरचे सामने व उरलेल्या सात संघांना सहाच मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परतीचा सामना नसल्याने, ज्या प्रबळ प्रतिस्पर्ध्याशी बाहेर खेळावे लागले त्याची भरपाई त्या हंगामात होत नाही.

यातील एक अडचण कोणत्याही आयोजकाला टाळता येणार नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे. घरचा व बाहेरचा सामना आलटून पालटून यावा ही प्रत्येक संघाची इच्छा. परंतु कोणतेही दोन संघ कधीतरी परस्परांशी खेळणारच आणि त्या दिवशी एक यजमान, दुसरा पाहुणा असणारच. म्हणून दोन संघांचा घर-बाहेर क्रम संपूर्णपणे सारखा असू शकत नाही. अखंड आलटून पालटून येणारे क्रम तर दोनच : एक घरापासून सुरू होणारा, दुसरा बाहेरून. म्हणजे चौदा संघांपैकी किमान बारा संघांना निदान एकदा तरी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन बाहेर खेळावे लागतात. स्विस गणिती दोमिनिक द वेरा यांनी १९८०च्या सुमारास या प्रकारच्या मर्यादांची पद्धतशीर मांडणी केली. तेव्हा ‘वेळापत्रक पूर्णतः न्याय्य असावे’ ही मागणीच अशक्य आहे. ‘अटळ अन्याय कोणाच्या वाट्याला व कोणत्या नियमाने’ ही मागणी मात्र शक्य आणि रास्त आहे.

वऱ्हाडातील वाचकांस या संदर्भात रणजी करंडक आठवेल. खेळपट्ट्यांबाबतच्या तक्रारींवर उपाय म्हणून २०१६-१७च्या हंगामात सर्व सामने त्रयस्थ ठिकाणी खेळविण्यात आले. पुढील हंगामात हा प्रयोग मागे घेतला गेला. सर्वांनाच बेघर केले की समता येते, पण प्रेक्षक जातो. विदर्भाने आपले अंतिम सामने इंदूर, जामठा, वानखेडे व पुन्हा जामठा येथे खेळले. त्यांपैकी गमावलेला एकमेव, मार्च २०२४चा, मुंबईविरुद्ध मुंबईत झाला. चार सामन्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तरी नागपुरात तो झाला असता तर, हा प्रश्न विदर्भात विचारला जाणारच.

फुटबॉलच्या एकेरी साखळीत सातवा घरचा सामना चिठ्ठीने द्यावा, की मागील हंगामातील क्रमवारीने? क्रमवारीचा निकष लावला तर आधीच बलवान असलेल्यास आणखी बळ मिळते. उलट्या क्रमवारीने दुबळ्यास आधार मिळतो, पण गुणवत्तेची शिक्षा होते. चिठ्ठी यांपैकी कोणाचाच कैवार घेत नाही, म्हणून ती अधिक स्वीकारार्ह वाटते. अट एवढीच की ती सर्व संघांच्या प्रतिनिधींसमोर, वेळापत्रक छापण्यापूर्वी काढली जावी. पुढील हंगामात यजमानपद उलटे करून भरपाई करावी, असा एक सोपा उपाय सुचविला जातो. परंतु तो संघ तेच राहिले तरच लागू पडतो. एखादा संघ बाहेर पडला किंवा खालच्या श्रेणीतून नवा वर आला, की गेल्या वर्षीच्या पाहुण्याला परत करायचे यजमानपद कोणाकडून वसूल करायचे, याचे उत्तर नियमावलीतच आधी लिहिलेले असावे लागते.