करुणा आणि लोकनिवाडा : नानावटी खटल्याची ख्रिस्ती दृष्टीतून चिकित्सा

प्रस्तावना :
गाजलेल्या खटल्यात दोन न्यायालये भरतात. एक पुराव्याच्या कायद्याने बांधलेले असते. दुसरे वृत्तपत्रांत, चौकांत आणि आता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर भरते व त्याचा निकाल बहुधा आधी लागतो. या दुसऱ्या न्यायालयाची शिक्षा क्रूर असू शकते, हे सर्वमान्य आहे. त्याने दिलेली माफी ही करुणा असते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात मुंबईतील नानावटी खटल्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

खटला आणि लोकमत :
२७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. नानावटींची पत्नी सिल्व्हिया व आहुजा यांचे संबंध ही घटनेची पार्श्वभूमी होती. 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने त्यांना निर्दोष ठरविले. हा कौल पुराव्याशी विसंगत वाटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली व २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. तत्पूर्वी मृताच्या भगिनीने माफीस हरकत नसल्याचे लिहून दिले होते.

शुभवर्तमानातील दोन प्रसंग :
योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला जमाव येशूपुढे उभे करतो. निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, असे येशू सुचवितो आणि जमाव पांगतो. येशू तिला दोषी ठरवून शिक्षा करीत नाही. पण पुन्हा पाप करू नको, असेही बजावतो. म्हणजे दगड थांबतो, पाप मात्र नाकारले जात नाही.

दुसरा प्रसंग पिलाताच्या न्यायासनापुढील. तेथे जमाव बरब्बाची सुटका मागतो आणि त्याच तोंडाने येशूसाठी क्रूस मागतो. जमावाला चिथावणारेही तेथे आहेत. जमावाची माफी आणि जमावाची शिक्षा ही एकाच आवेगाची दोन रूपे असू शकतात, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

चिकित्सा :
या निकषावर ज्यूरीचा कौल करुणा ठरत नाही. करुणेला आधी अपराध मान्य करावा लागतो. येथे तो पुसला गेला. नानावटींविषयीच्या सहानुभूतीसाठी आहुजांना खलनायक ठरविणे आवश्यक झाले. मृताला स्वतःची बाजू मांडता येत नव्हती आणि सिल्व्हियाचे खासगी जीवन चव्हाट्यावर आले. एकाला मिळालेल्या माफीची किंमत अशा रीतीने इतरांनी मोजली.

१९६४ ची माफी निराळी आहे. ती दोषनिश्चितीनंतर व मृताच्या आप्ताच्या संमतीने आली. म्हणून ती ख्रिस्ती क्रमाला अधिक जवळची वाटते. तथापि त्याच सुमारास सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनाही माफी मिळाली, त्यामुळे तिच्यात समाजगटांमधील समतोलाचा विचार दिसतो. शिवाय ज्याच्या बाजूने एकही साप्ताहिक उभे राहत नाही, त्या बंदिवानाचे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात तुरुंगातील उपेक्षिताची भेट हीच प्रभूची भेट मानली आहे. प्रसिद्धीच्या मागोमाग जाणारी दया या कसोटीला अपुरी पडते.

क्षमा व न्याय यांचे नाते ओडिशातील स्टेन्स प्रकरणात अधिक स्पष्ट होते. १९९९ मध्ये पती व दोन मुले जिवंत जाळली गेल्यानंतर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. कायद्याची प्रक्रिया मात्र पुढे चालू राहिली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमा ज्याच्यावर अन्याय झाला त्याने करावयाची असते; न्यायालयाने तिच्यासाठी सत्य पुसावयाचे नसते.

निष्कर्ष :
अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केलेल्या साने गुरुजींनी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच काळात महाराष्ट्रात जमाव एका जातीची घरे जाळून आपला निवाडा देत होता. गुरुजींनी दोषाचे बोट इतरांकडे न वळविता भार स्वतःवर घेतला. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि पहिला दगड उचलण्यापूर्वी स्वतःकडे पाहण्याची शिकवण त्यांच्या कृतीत दिसते. गाजलेल्या खटल्यांची चर्चा वर्गात करताना आरोपी दोषी की निर्दोष एवढेच विचारून थांबणे पुरेसे नाही. आपल्या दयेची किंमत कोण मोजतो, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजे.