मागच्या रांगेतील रसिक

संगीताच्या जलशाचे परीक्षण लिहिणारा गृहस्थ बहुधा पुढील रांगेत बसलेला असतो, आणि त्याचा अभिप्राय छापून आला म्हणजे तोच सर्व श्रोतृवर्गाचा अभिप्राय, असे समजण्याची आपल्याकडे रूढी आहे. दिवाणखान्यातील बैठकीपुरते हे खपून जाते. परंतु हजारो माणसांपुढे, उघड्या आकाशाखाली जे गायन होते त्याचा खरा निकाल मागच्या रांगेत लागतो. हे आमचे मत जुनेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाचा रॉक पद्धतीचा जलसा ऐकल्यापासून ते अधिक दृढ झाले.

हा जलसा नवी मुंबईस नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८, १९ व २१ जानेवारी अशा तीन रात्री झाला. तिकिटांचे दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू होताच ती संपली. मागाहून २२ नोव्हेंबर रोजी थोडी तिकिटे प्रत्येकी २,००० रुपयांस निघाली. अट अशी, की ती जोडीनेच घ्यावयाची, एकास दोहोंहून अधिक नाहीत, आणि आपली जागा कोठे, हे ऐनवेळी तिकीट हाती पडेल तेव्हाच कळावयाचे. धाराशिवाहून गेलेल्या आम्हां दोघांस अशीच एक जोडी लाभली, आणि जागा मिळाली ती रंगमंचापासून फार दूर, वरच्या मजल्यावर. हे तक्रार म्हणून सांगत नाही. ज्याने ३५,००० मोजले, त्यास आपली निराशा कबूल करणे जड जाते. २,००० च्या श्रोत्यास तसा संकोच पडण्याचे कारण नाही.

एवढ्या अंतरावरून गायक ख्रिस मार्टिन बोटाच्या पेराएवढा दिसतो. पडद्यावरील त्याचे चित्र मात्र घराएवढे. नाद हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. म्हणजे दीडशे मीटरांवर बसलेल्यास ढोलावरचा आघात डोळ्यांस आधी दिसतो आणि कानांस जवळजवळ अर्धा सेकंद मागाहून कळतो. ज्या कलेचा प्राण ठेक्यात, तिला ही फारकत मारकच होय.

या अंतरावर मंडळींनी तीन उपाय योजले आहेत. पहिला मनगटावरील दिव्याच्या पट्ट्याचा. दुरून येणाऱ्या संकेताबरोबर त्याचा रंग बदलतो, आणि सहस्रावधी हात एकदम पिवळे वा तांबडे होतात. देखावा अपूर्व खरा. परंतु दिवा आमच्या मनगटावर असला तरी त्याची कळ आमच्या हाती नसते. श्रोता येथे आराशीचा भाग होतो, रसिक होतोच असे नाही. दुसरा उपाय चालींच्या रचनेत आहे. ‘विवा ला विदा’ या २००८ सालच्या गीतात शब्दांवाचून नुसत्या आलापाची एक ओळ आहे. ती इंग्रजी न जाणणाराही पहिल्याच ऐकण्यात उचलतो. जाणकारांस अशा चाली बाळबोध वाटतात. मैदान एवढे मोठे असले म्हणजे नाजूक हरकती वाटेतच विरतात, हे ओळखूनच त्या बांधल्या आहेत, आणि त्यात रचनाकाराचे कौशल्य आहे असे आम्ही म्हणू. तिसरा उपाय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. मुख्य मंच सोडून हे चौघे मैदानाच्या मागील बाजूच्या एका लहानशा मंचावर येतात आणि थोडक्या वाद्यांवर गातात. तेथे आरास नाही, आतषबाजी नाही; आणि तेव्हाच आम्हांस गीतातील शब्द प्रथम स्पष्ट ऐकू आले.

आमच्या जिल्ह्यातील मनुष्यास या गोष्टी अपरिचित नाहीत. तुळजापूरच्या भवानीच्या नावाने मांडलेला गोंधळ अंगणातच होतो. चौक भरलेला, दिवटी पेटलेली, भोवती माणसे. संबळाचा आवाज वस्तीच्या टोकापर्यंत जातो. कथा सांगणारा नाईक आणि मध्येच त्यास प्रश्न विचारणारा साथीदार एकेक शब्द असा सुटा टाकतात, की भिंतीशी बसलेल्या म्हातारीसही तो पोहोचावा. ‘उदो’ म्हणावयाची वेळ आली की सर्वांस ती सारखीच कळते. खर्च यजमानाचा, ऐकणे साऱ्यांचे. अर्थात गोंधळ हे देवकार्य आहे आणि गोंधळ्यापुढे पन्नास हजारांचा समुदाय नसतो. तेव्हा एकास उचलून दुसऱ्यास खाली पाडणे अन्यायाचे होईल. परंतु शेवटच्या श्रोत्यास गृहीत धरून कला रचावी, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

राहिला प्रश्न तिकिटाचा. दोन हजारांस आम्ही स्वस्त म्हटले खरे. पण आमच्याकडील शेतमजुराची ती कित्येक दिवसांची मजुरी आहे. शिवाय ही स्वस्ताई थोड्यांच्याच वाट्यास येते, आणि तीही नशिबाने. ज्या गायनाची सर्व मांडणी समुदायावर उभी आहे, जेथे हजारो कंठांवाचून गीत पुरे होत नाही आणि हजारो मनगटांवाचून दीपोत्सव होत नाही, तेथे समुदाय हा केवळ गिऱ्हाईक नसून कलेतील भागीदार आहे. भागीदाराची जागा चिठ्ठ्यांवर ठरू नये. रंगमंचाच्या खर्चाइतकाच मागच्या रांगांच्या दराचाही विचार आधीपासून व्हावा, आणि त्या रांगा थोड्या नसाव्यात. जलसा म्हणून पाहता आम्ही त्या रात्रीस उत्तमच म्हणतो. तथापि त्यातील संगीताविषयी कोणी विचारल्यास, आम्ही त्या मागील लहान मंचावरील गाण्यांकडेच बोट दाखवू.