मौन कोणाचे?

इंग्रजीतील ‘सायलेन्स’ हा शब्द आपल्याकडे भाषांतरावाचूनच रुळला. वाचनालयाच्या भिंतीवर, परीक्षेच्या वर्गात, रुग्णालयाच्या व्हरांड्यात तो आपणांस नित्य भेटतो. त्याच्या पोटात किती अर्थ दडले आहेत, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

सेमिनरीत आम्ही जे जुजबी लॅटिन शिकलो, त्यात दोन क्रियापदे होती. ‘ताचेरे’ म्हणजे माणसाने आपले बोलणे आवरणे. ‘सिलेरे’ म्हणजे निःशब्द असणे, मग ते माणसाचे असो वा रात्रीचे. इंग्रजी ‘सायलेन्स’ने ही दोन्ही ओझी उचलली आणि तिसरेही घेतले. हाच शब्द क्रियापद म्हणून योजला, की त्याचा अर्थ दुसऱ्याचे तोंड बंद करणे असा होतो. मराठीत मौन धरावे लागते, शांतता राखावी लागते, गप्प मात्र बसवता येते. इंग्रजी शब्द हा भेद उघड करीत नाही.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. प्रिया आडारकर यांनी केलेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतराचे शीर्षक ‘सायलेन्स’ या शब्दाने सुरू होते. ‘शांतता’ या शब्दात शांतीचा जो भास आहे, तो येथे हरवला, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. शांतीच्या नावाखाली चाललेल्या छळाचा उपरोध मराठी शीर्षकातच आहे. परंतु आमच्या मते इंग्रजी शब्दाने दुसरे काही उघडे केले. खेळ म्हणून मांडलेल्या त्या अभिरूप न्यायालयात लीला बेणारे या शिक्षिकेवर बालहत्येचा आरोप ठेवला जातो. तिच्या खासगी आयुष्यावर सारे बोलतात. तिला मात्र अखेरीस दहा सेकंद मिळतात. ती मन मोकळे करते, तेव्हा इतर पात्रे गोठलेली असतात. प्रेक्षक ऐकतात, न्यायालय ऐकत नाही. आणि बालहत्येच्या आरोपाने उघडलेले ते न्यायालय तिच्या गर्भातील जीव नष्ट करण्याचा हुकूम देऊन मिटते! बेणारेचे हे मौन तिने धरलेले नव्हे. ‘सायलेन्स’चा तिसरा अर्थच येथे खरा ठरतो.

हे लिहिताना आमचेच शब्द आम्हांस आठवतात. अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही कितीदा तरी म्हटले आहे, ‘या माउलीने आयुष्यभर सोसले, पण तोंडातून कधी शब्द काढला नाही.’ ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मौन हा सद्गुण खराच. परंतु तो ज्याचा त्याने स्वीकारायचा असतो. त्या माउलीने मौन धरले होते, की तिला गप्प बसवले होते, हे तिला जिवंतपणी विचारायचे आमच्याकडून राहूनच गेले.