नकाशावरचा काळा ठिपका

आता आपण युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशाकडे वळू. २००९ साली तो इंटरनेटवर आला. सुमारे २,५०० भाषा, आणि धोक्याच्या पायरीप्रमाणे प्रत्येकीला रंग. मुलं घरात भाषा शिकेनाशी झाली की पिवळा, फक्त आजी-आजोबांपुरती उरली की नारिंगी, तेही अर्धीमुर्धीच बोलू लागले की लाल, आणि नामशेष झाली की काळा. जगभरचं नुकसान एका नजरेत दिसतं, हे या नकाशाचं श्रेय आहेच.

आमचा आक्षेप काळ्या ठिपक्यावर आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामध्ये आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथली मँक्स भाषा लहानपणापासून बोलणारे शेवटचे गृहस्थ, नेड मॅडरेल, १९७४ साली वारले. नकाशाने मँक्स नामशेष ठरवली. पण बेटावर २००१ पासून मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा चालू होती! तिथल्या मुलांनी युनेस्कोला पत्रं लिहून विचारलं, की आमची भाषा संपली असेल तर आम्ही लिहितोय ती कुठली? मग तिचा वर्ग बदलला.

म्हणजे काय, तर घरातली साखळी तुटली की भाषा संपली, असं ठिपक्याने धरून चाललं. शाळेतून ती परत येऊ शकते, याला रंगच नव्हता.

आता आपल्याकडे बघा. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात निहाली बोलतात. कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. नकाशावर तिची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे. पण निहाली माणूस कोरकूही बोलतो, मराठी-हिंदीही बोलतो. कुणाशी कुठली भाषा, हे एका ठिपक्यात कसं मावणार?

मग नकाशा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांखालच्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाहीत. तिथे निहाली सापडत नाही. इथे निदान दिसते. म्हणूनच प्रत्येक ठिपक्यामागे नोंद कुठल्या वर्षाची, कुणी केलेली, हे उघड दिसायला हवं. आणि ती दुरुस्त करण्याची वाट बोलणाऱ्यांसाठी मोकळी हवी. मँक्सच्या मुलांपाशी शाळा होती, म्हणून पत्रं गेली. निहालीची नोंद चुकली, तर पत्र कोण लिहिणार?