विजोड कोण? : ‘टाइमपास’च्या निमित्ताने

मराठी समीक्षेने विनोदी चित्रपटाची फारशी दखल घेतलेली नाही. विनोद म्हणजे घटकाभराची करमणूक, तिच्यात कसला आशय शोधायचा, अशी एक पांढरपेशी समजूत त्यामागे आहे. ही समजूत आम्हाला मान्य नाही. समाज कुणाला हसतो आणि कुणाबरोबर हसतो, यावरून त्याची मूल्यव्यवस्था जितकी स्वच्छ कळते तितकी ती त्याच्या शोकनाट्यांवरून कळत नाही. रडताना माणूस सभ्य होतो. हसताना तो बेसावध असतो. म्हणून रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’चा येथे थोडा गंभीरपणे विचार करावयाचा आहे.

३ जानेवारी २०१४ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याने तुफान गर्दी खेचली. दगडू परब हा रिक्षावाल्याचा मुलगा. दहावीत नापास, वस्तीतल्या टपोरी पोरांबरोबर हिंडणारा, पेपर टाकणारा. प्राजक्ता लेले ही सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरातली, गाणे शिकणारी, वडिलांच्या धाकात वाढलेली मुलगी. वेळ घालवण्यासाठी म्हणून सुरू झालेला खेळ प्रेमात बदलतो, मुलीचा बाप आडवा येतो, आणि पहिल्या भागात दोघांची ताटातूट होते. १ मे २०१५ रोजी आलेल्या दुसऱ्या भागात ते वयाने मोठे होऊन पुन्हा भेटतात. विजोड जोडप्याची ही जुनीच गोष्ट आहे. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर या कोवळ्या नटांनी ती ताजी केली.

आधी या चित्रपटाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ज्या बोलीला मराठी पडद्यावर वर्षानुवर्षे नोकराची, गड्याची किंवा गुंडाची बोली म्हणून जागा होती, ती बोली येथे नायकाच्या तोंडी आहे. दगडूला स्वतःची लाज वाटत नाही. शुद्ध बोलणाऱ्या घराच्या दारात तो आपल्या अशुद्ध भाषेसह उभा राहतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. वैभव मांगले यांनी रंगवलेल्या माधव लेल्यांच्या संस्कृतीरक्षणाचीही चित्रपट टर उडवतो. ही गोष्ट लहान नाही. मध्यमवर्गीय दिवाणखान्यातून मराठी विनोद येथे काही पावले तरी बाहेर आला आहे.

परंतु प्रश्न येथेच संपत नाही. विजोड हा शब्द घ्या. जोड जुळत नाही, असा त्याचा अर्थ. पण ती जुळते की नाही हे मोजण्याचे माप कुणाच्या हाती आहे? ‘टाइमपास’मध्ये हे अंतर भाषेचे आहे, गुणपत्रिकेचे आहे, राहत्या जागेचे आहे. जातीचे अंतर मात्र बोलून दाखवलेले नाही. ते आडनावांवर सोपवले आहे. लेले म्हटले की प्रेक्षकाला घर दिसते, देव्हारा दिसतो, जेवणाचे ताट दिसते. परब म्हटले की त्याला कोकण आठवते, दलित वस्ती आठवत नाही. म्हणजे नायक खालचा हवा, पण फार खालचा नको; इतकाच खालचा हवा की त्याच्या धडपडीवर निर्धास्त हसता येईल. त्याचे आडनाव कांबळे किंवा मेश्राम असते तर? तीच दृश्ये, तेच संवाद, तोच बापाचा संताप. सभागृहातले हसू मात्र घशात अडकले असते. या विनोदाची मर्यादा आम्हाला दिसते ती नेमकी येथे.

हा चित्रपट १९९०च्या दशकातल्या मुंबईच्या आठवणी जागवतो. त्या दशकाच्या आमच्याही आठवणी आहेत. ऑगस्ट १९९०मध्ये मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली आणि गुणवत्तेच्या नावाने सवर्ण तरुण रस्त्यावर आले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तोही सोळा वर्षांच्या झगड्यानंतर, कित्येकांची घरे जळाल्यानंतर. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला आणि दहा माणसे मेली. प्रेमकथेने हे सारे सांगितलेच पाहिजे, अशी आमची मागणी नाही. तथापि एका पोराच्या नापास होण्यावर चित्रपट उभा राहतो, आणि कोण पास होते, कोण नापास होते हा त्याच काळातला सर्वांत ज्वलंत प्रश्न त्याला शिवतही नाही, तेव्हा आठवणींची ही निवड निर्हेतुक म्हणता येत नाही.

आता माधव लेल्यांकडे वळू. दगडू त्यांना शाकाल म्हणतो. ‘शान’ या १९८०च्या हिंदी चित्रपटातल्या खलनायकाचे हे नाव. नाव झकास बसते, लोक हसतात. पण त्यामुळे एक व्यवस्था एका माणसाच्या तऱ्हेवाईक स्वभावात विरघळून जाते. बाप कडक आहे म्हणून प्रेम अडते. बाप मऊ असता तर अडले नसते, असा निष्कर्ष प्रेक्षक घरी घेऊन जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि तो टिकवण्यासाठीच स्त्रीवर बंधने लादली गेली. हे ध्यानात घेतले तर मुलीवर पहारा ठेवणारा बाप हा विक्षिप्त माणूस उरत नाही. तो जातीच्या किल्ल्याचा दरवाजा राखणारा शिपाई ठरतो. उद्या लेले स्वभावाने मऊ झाले तरी दरवाजा जागेवरच राहील. शिपायाला हसून किल्ला पडत नाही.

या चित्रपटानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. दोन्ही चित्रपटांत कोवळ्या वयाचे प्रेम आहे, वरच्या घरची मुलगी आहे. जब्या कैकाडी आहे. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू वश होईल, अशी त्याची भाबडी समजूत. तिच्यातही विनोद आहेच. पण डुकरामागे धावणाऱ्या त्याच्या कुटुंबाला गाव हसू लागते तेव्हा प्रेक्षकाच्या लक्षात येते की आतापर्यंत आपणही याच गावात बसून हसत होतो. शेवटचा दगड पडद्यातून आपल्या अंगावर येतो तो त्यासाठीच. ‘टाइमपास’ आणि ‘फँड्री’ यांतला फरक विनोदी आणि गंभीर असा नाही. हसणाऱ्याला त्याची जागा कोण दाखवतो, हा तो फरक आहे.

आणि त्याच वर्षी, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला ठार करण्यात आले. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलत होता, एवढाच त्याचा गुन्हा सांगितला गेला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७मध्ये सगळे आरोपी सुटले. पडद्यावर जे टाइमपास असते ते गावात मृत्युदंडाचे कलम असते. या घटनेला चित्रपट जबाबदार आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्रात, चार महिन्यांच्या आत घडल्या, हे समीक्षेने विसरता कामा नये.

२०१६च्या ‘सैराट’ने पूर्वार्धात प्रेमपटाचे सगळे रंग वापरले आणि उत्तरार्धात त्यांची किंमत दाखवली. लोकांनी गाणी नाचायला उचलली. शेवट मात्र पुष्कळांनी चित्रपटगृहातच सोडला. त्याच कथेवरून २०१८ साली ‘धडक’ हा हिंदी चित्रपट बनला तेव्हा जात धूसर होऊन श्रीमंत-गरीब एवढेच ठळक राहिले. प्रस्थापित करमणुकीला आमची कथा हवी असते. कथेतले कारण नको असते.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावी बसून हे लिहिताना मुंबईची चाळ दूर वाटेल, पण विजोड जोडप्याची गोष्ट दूर नाही. दिवाळीनंतर धान घरी आले की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते, रात्रभर नाटक चालते. श्रीमंताची पोट्टी आणि गरिबाचा पोट्टा हा या रंगमंचाचाही लाडका विषय. तेथेही नायक गरीब म्हटला की पुरे; त्याचे घर गावाच्या कोणत्या टोकाला, हे सहसा विचारायचे नसते. आणि आमच्याच शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा मेलेल्या बाईच्या चारित्र्याची कुजबूज पसरवण्यात आली. सवर्ण मुलीचे प्रेम पडद्यावर गोड होते. दलित स्त्रीच्या वाट्याला त्याच शब्दाचा कलंक येतो. दलित मुलगी नायिका आहे, तिची निवड केंद्रस्थानी आहे आणि प्रेक्षक तिच्याबरोबर हसतो आहे, असा मराठी प्रेमविनोदपट डोळ्यांपुढे आणून पाहा. नावे आठवताना बराच वेळ जाईल.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दलितांनी फक्त अश्रू आणि रक्त दाखवावे, अशी आमची भूमिका नाही. सत्यशोधकी जलशाने भटशाहीला हसून हसून नागवे केले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानेही हेच हत्यार परजले. हसणे हा आमचा वारसा आहे. मग आजचा लेखक, आजचा दिग्दर्शक या वारशाचे काय करतो? विशेष विवाह कायदा १९५४चा. त्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस, आणि ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावायची. म्हणजे पळून आलेल्यांनी आपला पत्ता स्वतःच जाहीर करायचा. आंतरजातीय विवाहाला राज्य शासन पन्नास हजार रुपयांचे साहाय्य देते. त्यासाठी जात मोडणाऱ्या दोघांनी आधी जातीचे दाखले जोडायचे. यापेक्षा मोठा विनोद कुठला पटकथाकार लिहील? सामग्री दाराशी पडून आहे. ती उचलणारी नजर हवी.

आणि ही नजर स्वतःकडेही वळली पाहिजे. २०११-१२च्या भारत मानवी विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळले. उरलेल्या पंचाण्णवांत केवळ लेले नाहीत. धम्म स्वीकारूनही मुलीसाठी आपल्यातलेच स्थळ शोधणारे आपण आहोत. महार, मांग, चांभार अशी मापे घेऊन सोयरीक मोडणारेही आपणच आहोत. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. त्या पुस्तकावर आपण व्याख्याने देतो. घरात स्थळाची बोलणी निघाली की ते पुस्तक फळीवर जाते. आपल्या प्रत्येक वस्तीत एक माधव लेले राहतो. त्याच्या भिंतीवर फोटो तेवढा वेगळा असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ‘टाइमपास’वर बहिष्कार घालू नये. तो मुलांबरोबर बसून पाहावा, त्यानंतर ‘फँड्री’ दाखवावा, आणि एवढेच विचारावे : पहिल्यात तुम्ही कुठे हसलात, दुसऱ्यात कुठे गप्प झालात? या दोन जागांच्या मध्ये आपला समाज उभा आहे. दगडू आणि प्राजक्ता विजोड नाहीत. माणसाची माणसाशी जोड जुळतेच. ती जुळू नये म्हणून जी व्यवस्था उभी केली गेली, ती माणुसकीला विजोड आहे. ज्या दिवशी मराठी विनोद तिला हसू लागेल, त्या दिवशी आम्ही सभागृहात सर्वांत मोठ्याने हसू.