विंगेत सोडून दिलेली बोली

आठवडाभराची रजा टाकून सोलापूरला गेलो, ती आईला नाटकं दाखवायची म्हणून. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ बसवत नाही. पण नाटक म्हटलं की ती तासभर आधीच पातळ बदलून चपला घालून तयार. वहिनीने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. मध्यंतरात बाहेरचं खायचं नाही, हा आईचा नियम आजोबा गिरणीत होते तेव्हापासूनचा.

त्या आठवड्यात तीन प्रयोग पाहिले. एक मुंबईहून दौऱ्यावर आलेलं व्यावसायिक नाटक आणि दोन राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतले. सोलापूरच्या रंगभूमीची अवस्था कळायला एवढं पुरेसं होतं.

व्यावसायिक नाटकाबद्दल थोडक्यातच सांगतो. मालिकेतला चेहरा रंगमंचावर आला की टाळ्या, तो पहिलं वाक्य बोलायच्या आधीच. मुंबईच्या प्रयोगात या नाटकाला दुमजली घर आहे. इथे एक सोफा, एक दार आणि दोन फ्लॅट होते. निर्मात्याला तरी काय बोलणार? बस, टेम्पो, रंगमंच कामगार, नटांचं मानधन, लॉज, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, हे सगळं एका प्रयोगाच्या तिकिटांतून काढायचं. मग दौऱ्याला निघतं ते चार पात्रांचं, हशाची हमी असलेलं नाटक. आम्ही पाच जण गेलो, तर तिकिटांचा आकडा ऐकून भावाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. प्रयोग चोख झाला. घरी पोचेपर्यंत त्यातलं काही आठवत नव्हतं, हेही खरं.

स्पर्धेतल्या नाटकांबद्दल मात्र जास्त बोलायला हवं. ती करणारी माणसं बँकेत, शाळेत, औषधांच्या दुकानात कामाला असतात. रात्री नऊनंतर एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालीम. महिना-दीड महिना असं खपायचं, एक प्रयोग करायचा आणि त्याच रात्री नेपथ्य टेम्पोत घालून परत न्यायचं. अंतिम फेरी गाठली तर आणखी एक प्रयोग, नाहीतर संपलं. पहिल्या नाटकात एक माइक सारखा खरखरत होता. तरीही तिसऱ्या रांगेतली शाळकरी मुलं हलली नाहीत. ही भूक शहरात आहे.

दुसऱ्या नाटकाच्या आधी एका ओळखीच्या मुलाला भेटायला विंगेत गेलो. तो लाइटवाल्याला ओरडत होता, ‘काय बे, स्पॉट कुठाय? हे काय करायलास?’ तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि तोच मुलगा सदाशिव पेठेतल्या प्राध्यापकासारखं बोलायला लागला. आवाज बदलला, खांदे आखडले, हात कुठे ठेवायचे ते कळेना. विंगेत उभा होता तो नट होता. रंगमंचावर गेला तो नटाची नक्कल करणारा.

माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती लहान नाही. सोलापूरचं हौशी नाटक सोलापूरला विंगेत सोडून रंगमंचावर येतं. संहिता पुण्या-मुंबईच्या घरातली. नाहीतर परीक्षकांना आवडेल म्हणून लिहिलेलं प्रतीकात्मक काहीतरी, त्यात निळा प्रकाश, धूर आणि शेवटी एक किंकाळी. गावात चार भाषा एका बोळात नांदतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी. आमच्या शेजारचे मामा पूर्व भागात यंत्रमागावर होते. मालकाशी मराठीत, बायकोशी तेलुगूत, वाण्याशी कन्नडमध्ये आणि रिक्षावाल्याशी दखनीत ते एका दमात बोलतात. त्यांना म्हटलं, चला नाटकाला. म्हणाले, ‘आमचं काय असतंय तिथं?’ उत्तर देता आलं नाही.

बोलीत नाटक चालत नाही, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. मालवणी ‘वस्त्रहरण’ १९८० पासून आजवर कसं चाललं मग? जालन्याच्या मंडळींनी २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आणलं आणि मुंबईने ते तिकीट काढून पाहिलं. विदर्भातल्या झाडीपट्टीत तर वडश्याला धरून नाटकांचा अख्खा व्यवसाय उभा आहे. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘फॅन्ड्री’ आणि ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडची भाषा पडद्यावर नेली. पडद्यावर चाललेली बोली रंगमंचावर का चालणार नाही?

माणसांची वाण तर कधीच नव्हती. शाहीर राम जोशी इथला. ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या फय्याज सोलापूरच्या. ‘घाशीराम कोतवाल’ बसवणारे जब्बार पटेल इथे शिकले, प्रा. श्रीराम पुजारींच्या घरात गाणं आणि साहित्य ऐकत वाढले. अतुल कुलकर्णी इथल्या नाट्य आराधना संस्थेतून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. सगळे गेले आणि मोठे झाले, त्याचं दुःख नाही. इथे राहून मोठं होण्याची सोय झाली नाही, त्याचं आहे.

विषयांचंही तेच. पंढरपूरच्या रखुमाईवर ‘संगीत देवबाभळी’ लिहिलं नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी, ते उभं केलं मुंबईच्या भद्रकाली या नाट्यसंस्थेने. उत्तम नाटक आहे, म्हणूनच जरा जास्त टोचतं. मोडनिंबच्या संगीतबाऱ्या जिल्ह्यात, अकलूजची लावणी स्पर्धा जिल्ह्यात. मे १९३० मध्ये या गावात मार्शल लॉ लागला. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. त्यांच्या नावाच्या हुतात्मा स्मृती मंदिरात आपण मुंबईच्या नवरा-बायकोची भांडणं पाहून हसतो.

संमेलनं होतात. पहिलं अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन २०१५ साली इथेच भरलं, शंभराव्या नाट्य संमेलनाचा विभागीय सोहळा २०२४ मध्ये झाला. मांडव मोठा होता, गर्दीही. पण मांडव उतरल्यावर दर महिन्याला लागणारं स्वतःचं एक नाटक गावाजवळ उरलं नाही.

संस्थांना एक सांगणं आहे. स्पर्धेचा प्रयोग झाल्यावर टेम्पो घरी नेऊ नका, पूर्व भागातल्या एखाद्या शाळेच्या मैदानात न्या. तिथे दुसरा प्रयोग करा, पाहिजे तर बिनतिकिटाचा. संवाद आपोआप बदलतील, कारण समोर बसलेली माणसं पुण्याची नसतील.

दुसऱ्या नाटकात एक प्रवेश मात्र लागला होता. गडबडीत त्या मुलाच्या तोंडून ‘व्हय की’ निघून गेलं, सगळं सभागृह हसलं आणि पुढची दहा मिनिटं तो मोकळा झाला. परतताना रिक्षात आई म्हणाली, ‘तो पोरगा चांगलं करत होता. परत कधी लागणार हे नाटक?’

लागणार नव्हतं. निकालात त्या संस्थेचं नाव नव्हतं.