ओले पाय आणि मोळी

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. त्याआधी काही वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांत राहिले होते. ते वर्गातले वळण पुस्तकात उतरले आहे. इथे प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. आश्रमातली प्रार्थना आटोपते, मंडळी बसतात आणि श्याम आईची एक आठवण सांगू लागतो.

‘थोर अश्रू’ ही रात्र तर तयार नाटुकलीच आहे. पात्रे दोन, नेपथ्याला एक धोंड. आंघोळ झालेला छोटा श्याम हट्ट धरतो: पाय ओले आहेत, माती लागेल, तुझा ओचा पसर. आई पसरते, तो त्यावर पाय टिपतो. मग आई म्हणते की पायांना जपतोस तसे मनालाही जप. रचनेतली खुबी क्रमात आहे. आई आधी लुगडे भिजवते, मग बोलते. क्रम उलटला की उरतो तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा सुविचार. पुढे अश्रूंविषयी श्याम जे सांगत राहतो, ते मला जास्तीचे वाटते. गुरुजींना थांबणे जमत नसे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

ही नाटुकली महाराष्ट्राबाहेर बसवायची तर? लखनौत रायबरेली रस्त्यालगत वृंदावन योजना आहे, आखीव सेक्टरांची वसाहत. अशा ठिकाणी हिंदीत वाढणाऱ्या मराठी मुलाला ओचा कुठून ठाऊक असणार? अर्थ सांगत बसलो तर गोष्ट तिथेच बसते. त्यापेक्षा फरशीवर ओढणी पसरावी आणि त्याला ओल्या पायांनी उभे करावे. ओढणी कुणाची, भिजली म्हणून ती रागावेल का, हे मूल आपणहून विचारते.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे मिगमाव लोकही मुलांना आपले संस्कार गोष्टींतून देतात. पण शुबेनाकडीच्या निवासी शाळेत १९३० ते १९६७ या काळात त्यांच्या मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. लखनौतल्या मराठीवर असा घाला कुणी घातलेला नाही. ती नुसती जेवणाच्या ताटापुरती उरत जाते.

पण वर्गात उभी करून पाहावी अशी रात्र माझ्या मते दुसरीच: ‘देवाला सारी प्रिय’. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडली आहे आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. दया आणि रूढी एकाच वाक्यात, शेजारी शेजारी! आई बंडखोर नाही. गावाने घातलेल्या कुंपणातच ती जेवढी वाट सापडते तेवढी काढते. वाचताना ती आंघोळ नजरेतून निसटते. ‘तो काळच तसा’ म्हणून आपण पान उलटतो. नाटकात तसे होत नाही. श्याम झालेला मुलगा खोट्या बादलीतून अंगावर पाणी घेतो, तेव्हा म्हातारी झालेली मुलगी मोळी घेऊन तिथेच उभी असते. तिला हे दिसते. आपल्याला हात लावला म्हणून हा नाहतो आहे का, हा प्रश्न ती विचारणारच, आणि त्याचे उत्तर आईच्या वाक्यात नाही. ते गुरुजींनी पुढे स्वतः शोधले: १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले आणि दहा दिवस अन्नाला शिवले नाहीत.

म्हणून ही रात्र बसवणाऱ्या शिक्षकाला माझे एकच सांगणे: आंघोळ गाळू नका. पालक कुरकुरतील, संस्कार शिकवायला पाठवले आणि हे काय दाखवता म्हणतील. त्यांनाही तालमीला बोलवा, आणि मोळी एकदा त्यांच्या डोक्यावर द्या.